सावलीतली वाट: मालकीच्या रानात भेकर-सांबरांसाठी पायवाट कशी राखायची, तिच्याकडेला काय लावायचं

आधी कायद्याचं बोलून घेऊ. हरणांच्या वाटेकडेला चारा राखायचा, लपण बांधायचं, वारं बघून बसायचं ही सगळी विद्या मुळात शिकाऱ्यांची. दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं, आणि माळावरच्या काळविटांवर पाळीव चित्ते सोडण्याचा शौक या संस्थानात नावाजलेला होता. तो जमाना गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भेकर, सांबर, पिसोरी (हरणासारखं दिसणारं इवलंसं जनावर) यांची शिकार हा गुन्हा आहे. रान सातबाऱ्यावर तुमच्या नावाचं असलं तरीही. फास लावणं, पकडणं, हाकून आणणं, त्यासाठी आमिष टाकणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच धरलं जातं. तेव्हा शिकाऱ्यांची विद्या घ्यायची, बंदूक नाही. पुढचा सगळा खटाटोप जनावर बघण्यासाठी, फार तर कॅमेऱ्यात टिपण्यासाठी.

राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या तालुक्यांत अनेकांच्या वाट्याला ओढ्याकाठचं, डोंगरउताराचं दोन-चार एकर झाडीचं रान असतं. ऊस तिथं होत नाही, भात जेमतेम, म्हणून ते पडून राहतं. हा लेख त्या रानासाठी आहे. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत, वनखात्याच्या राखीव जंगलात किंवा गावच्या देवराईत यातलं काहीही करू नये. रोप लावायचं चांगलं कामसुद्धा नाही. हद्द नक्की नसेल तर आधी तलाठ्याकडून नकाशा आणि वनरक्षकाकडून खात्री करून घ्या. डोंगरात हद्दीचे दगड सरकलेले असतात, आणि माणसंही सरकवतात.

वाट आखायची नाही, शोधायची

नवख्या माणसाला पहिल्यांदा सुचतं ते कोयता घेऊन सरळ वाट पाडायचं. जनावराची वाट आधीच असते. ती सापडेपर्यंत कोयता घरी ठेवावा.

शोधायला उत्तम वेळ म्हणजे परतीचा पाऊस संपून माती मऊ असते तो ऑक्टोबर. ओढ्याच्या उतारापासून सुरुवात करा. भेकराचा खूर तीन-चार सेंटिमीटरचा, पुढं निमुळता. सांबराचा त्याच्या दुप्पट. पिसोरीचा खूर करंगळीच्या नखाएवढा असतो, तो चिखलातच दिसला तर दिसतो. हे जनावर जेमतेम तीन किलोचं, रात्री फिरणारं, आणि शास्त्राप्रमाणे खरं हरीणही नव्हे. कारवीच्या किंवा करवंदीच्या जाळीत गुडघ्याच्या थोडं वर येणारा बोगदा दिसला तर तो बहुधा भेकराचा किंवा रानडुकराचा. कुठं माती उकरलेली नसेल आणि बारीक लेंड्या असतील तर भेकर धरा. पोरसवदा झाडांची साल छाती-कमरेच्या उंचीवर घासून निघालेली असेल तर तिथं सांबराच्या नराने शिंगं घासली आहेत. आणि वाट बैलगाडीच्या चाकोरीसारखी रुंद, शेण म्हशीसारखं पडलेलं, तर ती गव्यांची. गव्यांच्या वाटेवर आपलं काही काम नाही. तिथून मागं फिरा.

सापडलेल्या वाटा कागदावर उतरवा: कुठून येतात, कुठं पाण्याला टेकतात, कुठं दोन वाटा मिळतात. मग आपली पायवाट ठरवा. ती जनावराच्या वाटेवरून न्यायची नाही. तिला एक-दोन ठिकाणी काटकोनात छेदून जायची. माणसाचा वास वाटेवर रोज पसरला की भेकर वाट बदलतं, आणि सांबराचं नाक भेकराहून तिखट.

किती साफ करायचं

आपली पायवाट दोन फूट रुंद, जमिनीपासून साडेसहा फूट उंचीपर्यंत मोकळी. बास. जीप जाईल एवढी रुंद केली की वरचं छत फाटतं, ऊन थेट जमिनीवर येतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं रानमोडी हे माजोरी तण उगवतं. सावली ही या वाटेची सगळी कमाई आहे. मे महिन्यात बाहेर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, तापलेला असताना अंजनी-जांभळीखाली जमीन गार आणि ओलसर असते, म्हणून जनावर दुपारी तिथं बसतं. ती सावली आपणच तोडायची आणि मग झाडं लावत सुटायचं, असे उद्योग पुष्कळ दिसतात.

छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरात उरकावी. नंतर पक्ष्यांची घरटी सुरू होतात. हत्यार कोयता आणि आकडी एवढंच. जिवंत झाड तोडायचा प्रश्न आला तर थांबा: महाराष्ट्रात मालकीच्या जमिनीतलीही अनेक जातींची झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, त्यासाठी १९६४ चा कायदा आहे. पायवाट झाडाला वळसा घालून न्या. वठलेली झाडं, पडलेले ओंडके, पोकळ बुंधे तसेच राहू द्यात. पिसोरी दिवसा अशाच ढोलीत दडते. कारवी कापू नका, फार तर बाजूला वाकवून बांधा. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप ते, आणि जनावराला त्याच्याइतकी चांगली आड दुसरी नाही.

पालापाचोळ्याचं मात्र थोडं काम आहे. फेब्रुवारीत पानगळ झाली की ऐन-किंजळीची पानं पायाखाली अशी वाजतात की दोनशे पावलांवरचं जनावर उठून जातं. लपणाकडे जाणारा आपला पट्टा तेवढा दाताळ्याने ओढून स्वच्छ ठेवायचा आणि तो पाला रोपांच्या बुडाशी घालायचा. जाळायचा नाही. जनावराच्या वाटेवरचा पाला तर हलवायचाच नाही: पडलेली फळं त्यात टिकतात, आणि त्याच्या आवाजाने जनावर येताना आपल्याला कळतं. हाताने पाला उचलू नये, आधी दाताळ्याने चाळवावा. फुरसं आणि घोणस त्याच रंगाची असतात, आणि वेलींच्या जाळीत हिरवा चापडा साप.

पाण्याची वाट वेगळी करा

या भागात पायवाट बिघडते ती पावसाने. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच हजारांच्या वर. त्या पावसाला उतारावर सरळ पायवाट मिळाली की दोन वर्षांत तिचा ओहळ होतो, माती जाते आणि खाली जांभ्याचा खडक उघडा पडतो.

म्हणून वाट उताराला आडवी, तिरकी चढवत न्या. साधा हिशेब: डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको, आणि एकूण चढ शंभर पावलांना दहा पावलं उंचीपेक्षा कमीच बरा. वाटेची बाहेरची, दरीकडची कड किंचित खाली ठेवा, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता आडवं पलीकडे उतरतं. जिथं चढ टाळताच येत नाही तिथं दर दहा-पंधरा मीटरवर वाटेला तिरका, उताराच्या दिशेने झुकलेला दगडी आडवा घाला. दगड एकतृतीयांश वर, बाकी जमिनीत, वरच्या अंगाला माती दाबलेली. काटकोनात घातलेला आडवा पाणी अडवतो आणि गाळाने भरतो. तिरका असला की पाणी स्वतःच गाळ घेऊन जातं. आडव्याच्या तोंडाशी दोन पाट्या दगडगोटे टाका, नाहीतर तिथं नवीन घळ पडते.

सिमेंट-फरशीच्या पायऱ्या करू नका. शेवाळ धरलं की पाय घसरतो. जांभ्याचे खडबडीत चिरे ठीक. आणि जुलैत एकदा, धो-धो पाऊस चालू असताना, इरलं किंवा रेनकोट घालून वाट चालून बघा. उन्हाळ्यात चार दिवस लेव्हल लावून जे कळत नाही ते त्या तासाभरात दिसतं. जळवांना मीठ-तंबाखूचं पाणी सोबत असू द्या.

रानमोडी आणि घाणेरी

लावणीच्या आधी काढणी. रानमोडी ऑगस्ट-सप्टेंबरात, माती ओली असताना, मुळासकट उपटायची. नोव्हेंबरनंतर ती फुलते आणि मग तिचं बी वाऱ्यावर उडतं. तेव्हा उपटत बसणं म्हणजे बी पेरणंच. नुसतं कापलं तर बुडातून चौपट फुटते.

घाणेरी, म्हणजे टणटणी, उपटून येत नाही. तिचा बुंधा जिथं जमिनीत शिरतो त्याच्या दोन-तीन बोटं खाली कुदळीने मुख्य मूळ तोडायचं, झुडूप मुळं वर करून उलटं टाकायचं आणि तसंच वाळू द्यायचं. बी पक्षी पसरवतात, म्हणून पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षं नजर ठेवावी लागते. एक सावधगिरी: सगळी घाणेरी एका हंगामात काढू नका. दुसरी आड नसेल तिथं भेकर घाणेरीतच दडतं. निम्मी काढा, तिथं देशी झुडपं धरली की उरलेली.

ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प यांची नवीन रोपं लावू नका. पटकन हिरवं दिसतं एवढाच त्यांचा गुण.

काय लावायचं, कधी, कसं

परदेशी शिकारी सावलीच्या वाटेवर चुना टाकून क्लोव्हरसारखा चारा पेरतात, तसली चित्रफीत बघून इथं बी टाकू नका. आपल्याकडच्या घट्ट सदाहरित सावलीत गवत धरत नाही, आणि आषाढातला पाऊस पेरलेलं बी ओढ्यात नेऊन टाकतो. आपल्या जनावरांचं सावलीतलं खाणं म्हणजे पडलेली फळं, कोवळी पालवी आणि झुडपांचे शेंडे. गवत हवं असेल तर एखादं मोठं झाड आपोआप पडून जी मोकळीक झाली असेल तेवढीच राखा: तिथली रानमोडी काढत राहा, गुरं घालू नका. रानातलं गवत स्वतः येतं. सड्यावर झाडं अजिबात लावू नयेत. ते ओसाड नसतं. पावसाळ्यात तिथलं गवत आणि रानफुलं हेच त्याचं रूप आहे.

लावणीची आखणी झाडाच्या दिसण्यावर न करता फळाच्या महिन्यावर करा. वाटेकडेला वर्षभर काही ना काही पडत राहिलं पाहिजे. एप्रिल-मेत करवंद आणि तोरण. मे-जूनला जांभूळ, त्याच सुमारास भोकर. हिवाळ्यात आसाणा, आवळा आणि बेहडा. त्यांच्या मागोमाग, उन्हाळा लागेपर्यंत, हिरडा. उंबर वर्षातून अनेकदा फळतो आणि बाकी सगळं संपलेलं असताना कामाला येतो, म्हणून ओढ्याकाठी दोन-तीन उंबर हवेतच. आवळा आणि बेहड्यावर भेकर-सांबरांचा विशेष जीव. भेकर आवळा गिळतं, नंतर सावलीत बसून रवंथ करताना बी तोंडातून टाकतं. म्हणून आवळ्याची आपोआप उगवलेली रोपं आईझाडापासून लांब, जनावराच्या बसण्याच्या जागी सापडतात. अशा रोपांभोवतीची रानमोडी काढली तरी निम्मी लावणी झाली. माझं मत विचाराल तर विकतच्या रोपाहून हे रोप शंभर टक्के सरस; त्याची जागा जनावरानेच निवडलेली असते.

आवळा, बेहडा, हिरडा यांना ऊन लागतं, ते सावलीच्या कडेला, मोकळिकीत लावा. जांभळाचं रोप लहानपणी सावली सोसतं. अंजनी, पिसा ही खरी सावलीतली झाडं, ती छत दाट करायला. करवंद-तोरण कडेला, उन्हाच्या अंगाला. त्यांची काटेरी जाळी हीच आड आणि हेच कुंपण. मेस किंवा चिवा बांबू लावायचा असेल तर दहादा विचार करा. सांबर कोवळे कोंब खातं हे खरं, पण गवा त्याहून जास्त खातो. बांबूच्या बेटापलीकडे कुणाचा ऊस असेल तर तुम्ही कळपाला उसाच्या बांधापर्यंत आणून सोडलं असं होईल, आणि शेजारी ते विसरणार नाही. हाच नियम सगळ्या लावणीला: शेताच्या बाजूला फळझाडं नकोत, रानाच्या आतल्या अंगाला हवीत.

बी लावायचं तर जांभळाचं ताजं लावा, गर धुऊन त्याच आठवड्यात. वाळलं की उगवण जाते. बेहड्याचं कठीण बी एक दिवस पाण्यात भिजवून. रोपं वनखात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात; गुडघ्याच्या वर गेलेलं, पिशवीत मुळं गुंडाळली न गेलेलं रोप निवडा.

खड्डे एप्रिल-मेत, दीड फूट लांब-रुंद-खोल, आणि ते उघडे तापू द्या. वरची काळपट माती एका बाजूला, खालची तांबडी दुसरीकडे. भरताना वरची माती आणि कुजलेला पाला खाली. रासायनिक खत नको. मृगाचा पाऊस पडून माती वीतभर ओली झाली की लगेच लावा, म्हणजे आषाढातली झड लागायच्या आत मूळ धरतं. गगनबावडा-दाजीपूरकडे खड्ड्यात पाणी साचून रोप कुजतं, म्हणून तिथं रोपाभोवती आळं न करता मातीचा उंचवटा करा. आळं ऑक्टोबरात, पाऊस गेल्यावर.

ओळीत लावू नका. तीन-पाच रोपांचे पुंजके, दोन पुंजक्यांत मोकळी जागा, आणि जनावराच्या वाटेपासून पाच-सहा मीटर आत. वाटेवरच लावलं तर रोप तुडवलं तरी जातं किंवा वाट मोडते.

राखण ही खरी मेहनत. रोपाभोवती करवंदीच्या किंवा चिल्हारीच्या काटेरी फांद्या रोवा. नायलॉनची जाळी, मासेमारीची जुनी जाळी अजिबात वापरू नका. सांबराची शिंगं त्यात अडकतात आणि साप तर हमखास मरतात. पहिले दोन उन्हाळे पाणी लागेल. रोपाशेजारी भाजलेला पण बिनझिलईचा, झिरपणारा मातीचा मडका गळ्यापर्यंत पुरून आठवड्याला भरला की भागतं. पहिल्या वर्षी मेलेल्या रोपांच्या नांग्या पुढच्या मृगात भरायच्या.

पाणवठा, मीठ आणि कुत्री

एवढा पाऊस पडूनही मार्चनंतर जांभ्याच्या रानात पाणी राहत नाही. ते झिरपून खालच्या झऱ्यांना जातं. झरा असेल तर त्याच्या तोंडाचा गाळ काढून पुढं पसरट खड्डा करा. झरा नसेल तर वीतभर खोल, चहूकडून उतार असलेला उथळ पाणवठा बांधा. उभ्या भिंतीचं टाकं नको, त्यात पिसोरी आणि पिल्लं बुडतात. आत चार दगड टाका. भरायला सुरुवात केली की जूनपर्यंत खंड पाडू नका.

मिठाचे दगड ठेवू नका. एकाच जागी अनेक जनावरं तोंड लावतात, गावची गुरंही येतात, आणि लाळ्या-खुरकुतासारखे रोग इकडून तिकडं जातात. भेकराला बिबट्याहून जास्त त्रास मोकाट कुत्र्यांचा होतो. स्वतःचं कुत्रं रानात कधीच नेऊ नका. वणव्यासाठी रानाच्या गवताळ कडेने, शिमग्याच्या आधी, तीन-चार मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा ठेवा.

लपण

लपण जनावराच्या वाटेपासून पंचवीस-तीस मीटर, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. डोंगरात दिवसा ऊन चढलं की वारं दरीतून वर वाहतं, संध्याकाळी गारवा आला की सकाळी ऊन चढेपर्यंत वरून खाली. म्हणजे ऊन चढल्यावर बसायचं तर वाटेच्या वरच्या अंगाला, फटफटताना आणि संध्याकाळी गारव्यात खालच्या. एकच लपण करणार असाल तर कोणत्या वेळेला बसणार ते आधी ठरवा. ओढ्याच्या घळीत वारं गरगरतं, तिथं कितीही सुंदर जागा दिसली तरी बसू नये. चिमूटभर राख हवेत सोडून पाहिली की दिशा कळते.

कारवीच्या कुडाची, गवताने शाकारलेली कंबरभर भिंत पुरते. हरणांना तांबडा-नारिंगी नीट उमगत नाही, पण निळा चांगला दिसतो. जीन्स घरी ठेवा. कपड्याला वासाची साबणं नकोत, खिशात तंबाखू नको. फटफटल्यापासून साडेआठपर्यंत किंवा साडेचारनंतर बसा, आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा. रानात गवे आहेत, बिबटे आहेत, आणि ओढ्याच्या वाटेवर अंधारात गव्याशी गाठ पडली तर तिथं शौर्य चालत नाही. भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं की एकतर त्याने तुम्हाला पाहिलंय, नाहीतर तुमच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी. दोन्ही वेळी हलू नका. रानातून आल्यावर अंगावरच्या गोचिड्या बघून काढा. शेजारच्या सिंधुदुर्गात माकडताप त्यांच्यामुळेच पसरतो.

कॅमेरा ट्रॅप लावायचा तर गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला तिरका, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम केलात तर उगवतं-मावळतं ऊन प्रत्येक दुसरा फोटो खराब करतं.

फासाची फेरी

जनावर नियमाने येऊ लागलं की ते फक्त तुम्हालाच कळतं असं समजू नका. पंधरवड्याला एक फेरी केवळ फास शोधण्यासाठी करा, उन्हाळ्यात पाणवठ्याभोवती आठवड्याला. मोटारसायकलच्या क्लच वायरचे फास वाटेच्या चिंचोळ्या जागी, जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर, वाकवलेल्या फोकेला किंवा खुंटाला बांधलेले असतात. जाळीच्या कडेने दोन्ही बाजूंना काटक्या रचून वाट मुद्दाम अरुंद केलेली दिसली तर फास तिथंच. वाघर, म्हणजे शिकारीची जाळी, लावलेली दिसली, किंवा पिठाचा गोळा पडलेला दिसला, तर हात लावू नका; त्यात रानडुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असू शकतो. जागेचा फोटो काढा, मागं फिरा आणि वनखात्याच्या १९२६ या मोफत क्रमांकावर कळवा. फासात अडकलेलं जिवंत जनावर दिसलं तरी स्वतः सोडवायला जाऊ नका. सांबराची लाथ पोट फाडते आणि भेकर भीतीनेच मरतं. पथक येईपर्यंत लांब, गप्प, त्याच्या नजरेआड थांबा आणि कुत्र्यांना लांब ठेवा.